काळ्या गायीची लाल कालवड

माझा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. कोणी विचारलं तर मी मोटरसायकलवरून पडलो असं सांगतो. खरं सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. वासराच्या रंगावरून कोणी माणसाचा हात मोडेल, हे त्याला पटत नाही. माझा मोडला, म्हणून मी ते लिहून ठेवतो आहे.

माझं काम गायी-म्हशी भरवण्याचं. नरडाण्याच्या आसपासच्या नऊ-दहा गावांत आता कोणी वळू पाळत नाही. गाय माजावर आली की मला फोन येतो. मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला असतो, त्यातून वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, नळीसारख्या लांब गनमध्ये भरायची. मग डाव्या हातात लांब मोजा चढवून तो हात खांद्याजवळपर्यंत गायीच्या मागून आत घालायचा, आतून गर्भाशयाचं तोंड बोटांनी पकडायचं आणि उजव्या हातातली गन बेतानं तिथवर न्यायची. डोळ्यांना काही दिसत नाही. सगळं डाव्या हाताच्या बोटांना कळतं. धुळ्याला प्रशिक्षण घेतलं तेव्हा आमचे सर म्हणायचे, हा हात सांभाळा, तुमची भाकरी त्यात आहे.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे. मी हे काम धरलं तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांना नवल वाटलं होतं, कारण ज्या गोठ्यांत त्यांना शेण उचलण्यापुरतंच जाता यायचं तिथं मला फोन करून बोलावत होते. खुर्ची देत होते. मलाही त्याचं अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

नाना म्हणजे गावातला मोठा शेतकरी. कापूस, केळी, आणि सात-आठ गायींचा गोठा. त्यातली एक संकरित काळी गाय त्यांनी धरणगावकडच्या एका आबांच्या घरून आणलेली होती. कपाळावर आणि पोटाखाली पांढरं, बाकी अंग कोळशासारखं काळं. नाना तिच्याविषयी बोलायला लागले की थांबत नसत. त्यांच्या बायकोला सगळा गाव अक्का म्हणायचा, मीही. त्या मला घरातल्याच कपात चहा द्यायच्या. त्यांचा मोठा मुलगा समोर असला की मात्र कप बदलायचा. त्याला सगळे मोठाच म्हणत. तो माझ्याच वयाचा, शाळेत एका वर्गात होतो, तरी मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला नावानं हाकही मारत नसे. "ए" म्हणायचा.

त्या काळ्या गायीसाठी नानांना तशीच कालवड हवी होती, काळीपांढरी, आईवर गेलेली. मी धुळ्याहून मुद्दाम एका नावाजलेल्या काळ्यापांढऱ्या वळूची कांडी आणली. गाय पहिल्याच वेळी गाभण राहिली. नाना रस्त्यात भेटले की बोटांवर महिने मोजून दाखवायचे.

दिवस भरले आणि एका दुपारी मोठ्याचा फोन आला. गाय व्याली, बघायला ये, एवढंच बोलला. मला आनंद झाला. बायको अंगणवाडीत होती, तिला फोन करून सांगितलं की नानांकडे कालवड झाली वाटतं, पेढे आणतो.

गोठ्यात मोठा होता आणि त्याचे दोन चुलतभाऊ. नाना नव्हते, शिंदखेड्याला गेले होते. गाय दावणीला उभी होती, झार, म्हणजे वार, अजून पडला नव्हता, आणि ती मागे वळून वळून हंबरत होती, कारण वासरू तिच्याजवळ नव्हतं. ते दूर दाराशी बांधलं होतं. ओलं, पाय थरथरत असलेलं, आणि लाल. भाजलेल्या विटेसारखं लाल, मध्ये पांढरे पट्टे. काळा केस एकही नाही. कालवडच होती.

मी काही बोलायच्या आत गोठ्याचं दार लागलं. एका चुलतभावानं फोन समोर धरला होता. शूटिंग चालू आहे हे मला नंतर कळलं.

मोठ्यानं आमच्या अहिराणीत विचारलं, "माय कायी, बाप काया. मंग ही लाल कोठून उनी?"

मी म्हणालो, "भाऊ, मी तीच कांडी टाकी. नंबर लिखेल शे."

तो म्हणाला, चांगली कांडी तू दुसऱ्याला विकली आणि माझ्या गायीत कुठल्या तरी रानटी लाल बैलाचं घातलं. मी नाही म्हणालो. त्यानं पहिली थोबाडीत मारली ती इतक्या सहज मारली की मला वाटलं हात चुकून लागला. मग जातीवरून बोलला. तो शब्द मी इथं लिहीत नाही. कोर्टात एकदा सगळ्यांसमोर म्हणावा लागला, तेवढं पुरे.

मला पाडलं ते लाथेनं. शेण आणि मूत एकत्र झालेल्या जागी मी पडलो. तिघं मारत होते. कोणाचा पाय कुठे बसतो हे पहिल्यांदा कळतं, मग कळत नाही, नुसतं अंग हलत राहतं. एक लाथ बरगडीत बसली तेव्हा श्वास गेला तो परत येईना, आणि मी मासोळीसारखं तोंड उघडत होतो आणि ते हसत होते. मग त्यांनी मला उठवून खुंट्याशी बसवलं आणि गायीच्याच दाव्यानं छातीला आवळून बांधलं. गाय माझ्या डोक्याशी उभी. ती घाबरून पाय झाडत होती, एक खूर माझ्या मांडीवर पडला.

मोठा कुऱ्हाड घेऊन आला. मला वाटलं संपलं. पण त्यानं पातं काढून ठेवलं आणि दांडा हातात घेतला. मग एकदम शांतपणे, जणू माहिती विचारतो आहे अशा आवाजात, त्यानं विचारलं, "गायमा कोणता हात घालस?"

या प्रश्नाचं उत्तर मी खरं दिलं. का दिलं, हे मला आजही कळत नाही. उजवा म्हटलं असतं तर माझं काम वाचलं असतं. पण कोणी कामाविषयी विचारलं की खरं सांगायची सवय लागलेली. मी म्हणालो, "डावा."

चुलतभावानं फोन खिशात घातला आणि दोघांनी तो हात गव्हाणीच्या काठावर आडवा धरला. पहिला घाव कोपराच्या जरा खाली बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी दुखायच्या आधी ऐकला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. दुसरा कोपरावर. तिसरा कुठे ते आठवत नाही. मी ओरडलो असेन, कारण अक्का मागच्या दारानं धावत आल्या. त्या माझ्यावर आडव्या पडल्या. "सोड रे त्याले, मरी जाई तो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दांडा त्यांच्या पाठीवर एकदा घसरत गेला, तेव्हा मोठा थांबला.

अक्कांनी दावं सोडलं. त्यांच्या हाताला गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवली.

मी गोठ्याबाहेर आलो तोवर माझी बायको दारात पोहोचली होती. तिला कोणी निरोप दिला नव्हता. चुलतभावानं मारहाण चालू असतानाच शूटिंगचा पहिला तुकडा गावाच्या ग्रुपवर टाकला होता आणि तो अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना तिच्या फोनवर आलं. तिनं रिक्षा थांबवून ठेवली होती. वस्तीतल्या दोन बाया बरोबर होत्या. ती रडली नाही, मोठ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मला उचललं. धुळ्यापर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझा हात ओढणीच्या झोळीत आतल्या आत सरकत होता.

दवाखान्यात हातात सळई घातली. पोलिसांनी जबाब घेतला, गुन्हा नोंदवला, तिघांना अटक झाली आणि काही आठवड्यांनी ते जामिनावर सुटले. पण मला दुसरंच खात होतं. मी तीच कांडी टाकली होती. मग लाल कोठून आली? मला स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं.

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम मला बघायला आल्या. दुखण्याविषयी मी एक शब्दही काढला नाही, त्यांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी एक्स-रेचं पाकीट उलटं केलं आणि पेननं काढून दाखवलं. वासराला रंगाचा एक हिस्सा आईकडून येतो, एक बापाकडून. काळा हिस्सा जोरकस. तो एक जरी असला तरी जनावर काळं दिसतं आणि लाल आत दबून राहतो. गाय काळी दिसते, वळू काळा दिसतो, पण दोघांच्याही अंगात एकेक लाल दबलेला असू शकतो. ते दोन्ही लाल एकाच वासरात आले की वासरू लाल. अशा जोडीला चार वासरं झाली तर त्यातलं एखादं. त्यांनी त्या वळूची नोंद काढली होती. त्याच्या नंबरापुढे लिहिलेलंच होतं की हा काळा असला तरी लाल रंग पुढे देऊ शकतो.

हे ऐकताना माझे कान तापले. प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं होतं. एका ओळीत सांगितलं होतं, मी वहीत उतरून घेतलं होतं आणि विसरून गेलो होतो. त्या दुपारी गोठ्यात मला ती ओळ आठवली असती तर मोठा थांबला असता असं नाही. पण मी खोटारड्यासारखा गप्प बसलो नसतो.

मॅडम म्हणाल्या, मोठ्याचा वकील उलट म्हणेल की तू लाल वळूचीच कांडी टाकली. त्याला उत्तर एकच. कालवडीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवायचे, बाप कोण ते कळतं. ते पोलिसांमार्फत व्हायला पाहिजे. त्या तसा अर्ज करणार होत्या. मी थांबायला हवं होतं. पण माझ्याच्यानं थांबवेना. गायीच्या अंगात लाल होता का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

प्लास्टर गळ्यात अडकवून मी धुळ्याहून अमळनेरमार्गे धरणगावची एसटी पकडली. नानांनी त्या आबांचं गाव इतक्यांदा सांगितलं होतं की पत्ता विचारावा लागला नाही. आबा ऐंशीच्या पुढचे, अंगणात बाजेवर बसलेले. काळ्या गायीचं नाव काढताच खुलले. तिची आई अजून त्यांच्याकडे होती, म्हातारी, दूध आटलेली. मी विचारलं, तिला कधी लाल वासरू झालं होतं का? त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, गोठ्यात सालदार आहे, त्याला विचार.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तो म्हाताऱ्या गायीपुढे चारा टाकत होता. पन्नाशीचा असेल. वळला तेव्हा दिसलं की त्याचा उजवा डोळा नाही. पापणी आत ओढली जाऊन शिवल्यासारखी झालेली.

मी विचारलं तसं त्यानं सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी या गायीला पहिलं वासरू झालं ते लाल. आबांनी चांगल्या काळ्या वळूची कांडी टाकून घेतली होती. त्यांना वाटलं, सालदारानं चरायला नेली तेव्हा गाय सोडून झोपला आणि रानात कुठला तरी लाल बैल तिच्यावर गेला. आबांनी त्याला बैल हाकायच्या चाबकानं मारलं. चाबकाच्या टोकाला चामड्याची गाठ असते, ती डोळ्यात बसली. जळगावला नेलं, पण डोळा काढूनच टाकावा लागला. तो हे सांगताना हातातला चारा टाकत होता, आवाज कुठेही वर गेला नाही.

मी त्याला मॅडमनं सांगितलेलं सगळं सांगितलं. काळ्यात दबलेला लाल, दोघांकडून आला तर बाहेर पडतो, गाय कुठे गेली नव्हती, तू झोपला नव्हता. मला वाटलं होतं त्याला काहीतरी होईल. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माले काबरं सांगी राह्यना? त्याले सांग."

मी आबांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हे त्यांना माहीत होतं. सालदार दवाखान्यातून आल्यावर पुढच्या वेतालाही लालच झालं, आणि त्या वेळी गाय गोठ्याबाहेर गेलीच नव्हती. मी विचारलं, मग तुम्ही त्याला कधी सांगितलं का, की तुझी चूक नव्हती? आबांनी नकारार्थी मान हलवली.

"काय सांगानं?" ते म्हणाले. "डोया गया तो गया."

तिसऱ्या वेताला जी काळी झाली तीच नानांनी नेली होती. म्हणजे माझं खरं होतं. लाल त्या घराण्यातच होता. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण अंगात नुसता राग भरत होता, अमळनेर आलं तरी, धुळं आलं तरी. आबांवर, मोठ्यावर, त्या सालदाराच्या थंड आवाजावर सुद्धा.

घरी आलो, संध्याकाळची वेळ होती. बायको भाकरी करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगायला लागलो. तिनं ऐकलं. भाकरी तव्यावर उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? कंटेनरमा दुसऱ्या कांड्या व्हत्या. चुकून दुसरी तर नाही ना गयी?"

तिनं ते सहज विचारलं होतं. मीच तिला कधी तरी सांगितलं होतं की घाईत कांड्यांची गल्लत होते, नंबर दोनदा बघावा लागतो. पण मला ते मोठ्याच्या तोंडून आल्यासारखं ऐकू आलं. मी उजव्या हातानं तिला मारलं. एकदा नाही. ती चुलीच्या बाजूला पडली, तिचा हात तव्याला लागला, कातडी तिथंच चिकटली, आणि तरी मी एकदा मारलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी तोवर तिच्यावर हात उचलला नव्हता. हे सांगून माझा गुन्हा कमी होत नाही, पण तसं होतं.

ती उठली. भाजलेल्या हातावर पाणी ओतलं. भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. मग कपड्यांची पिशवी भरली आणि जळगावला वडिलांकडे निघून गेली. जाताना एकच वाक्य बोलली, "गोठा घरी लई उना तू." गोठा घरी घेऊन आलास. मी दारात बसून राहिलो. भाकरी जळून धूर होत होता तो बंद करायलाही उठलो नाही.

त्यानंतर नानांच्या घरात जे झालं ते मला अक्कांनी सांगितलं, नंतर कोर्टात सांगितलं तसंच.

मोठ्यानं पहिल्या दिवसापासून कालवडीला आईचा चीक मिळू दिला नव्हता. तो तिला मरू द्यायच्या बेतात होता. अक्का गायीचं दूध काढून बाटलीनं तिला पाजत होत्या. मॅडमचा अर्ज मंजूर झाला आणि शेपटीचे केस घ्यायला पोलीस व मॅडम येणार असं कळलं, तेव्हा ते येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी जामिनावर आलेल्या मोठ्यानं टेम्पो बोलावला. कालवड कुठे तरी दूर नेऊन सोडायची, नसली म्हणजे केसही नाहीत. अक्कांनी दावं धरलं. तो ओढत होता, त्या सोडत नव्हत्या, कालवड मध्ये गळ्यानं आवळत चालली होती. मोठ्यानं आईला ढकललं. त्या मागे गव्हाणीच्या दगडावर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दावं हातात तसंच होतं.

नाना तेव्हा ओट्यावर होते. आतापर्यंत त्यांनी मुलाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझ्या घरीही आले नव्हते. ते खाली उतरले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि मोठ्याला मारायला लागले. सत्तरीचा माणूस. अक्का म्हणाल्या की ते तोंडातून अक्षर न काढता मारत होते आणि मोठा हात वर करून मार झेलत होता, उलटा फिरला नाही. काठी मोडली तेव्हा नाना खाली बसले. मग टेम्पोवाल्याला जा म्हणाले आणि स्वतः मॅडमना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी केस घेतले. अक्का पायाला वजन लावून धुळ्याच्या दवाखान्यात पडल्या होत्या, म्हणून कालवड नानांनी धरली.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला बरेच महिने लागले. कालवडीचा बाप तोच काळापांढरा वळू होता, ज्याचा नंबर माझ्या वहीत होता. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मी मोकळ्या घरात एकटा होतो. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी नाना आले. वस्तीत ते आयुष्यात पहिल्यांदा आले असतील. आत बसा म्हटलं तर आत बसले, मी दिलेलं पाणी प्याले. माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, मुलाच्या वतीनं मी तुझ्या पाया पडतो, केस मागे घे. आणि खरंच वाकायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. मी म्हणालो, नाना, तुम्ही नाही. त्यानं यावं आणि म्हणावं, मी मारलं, तुझी चूक नव्हती. मग बघू. नाना म्हणाले, तो येणार नाही. आणि ते उठून गेले. कालवड त्यांनी तालुक्याबाहेर कुणाला तरी देऊन टाकली, हे नंतर कानावर आलं.

नाना गेल्यावर मला स्वतःचं वाक्य ऐकू येत राहिलं. दुसऱ्या सकाळी मी जळगावची गाडी धरली. सासरे अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाई आत गेल्या आणि बायको बाहेर आली. तिच्या हातावर तव्याच्या काठाचा अर्धगोल डाग पडला होता, गुलाबी. मी म्हणालो, झालं ते विसरून जा, रागात झालं.

ती म्हणाली, "झालं नाही. तू केलं."

वडिलांसमोर, आईसमोर, आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या दोन शेजारणींसमोर तिनं मला ते म्हणायला लावलं. मी तुला मारलं. तू पडल्यावरही मारलं. तू नुसतं विचारलं होतं, तुझी चूक नव्हती. मला वाटलं होतं हे म्हणायला काय लागतं. दुसरं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं. मोठा का येत नाही ते मला त्या अंगणात कळलं. पण ते कळून माझा त्याच्यावरचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. कारण मला म्हणता आलं होतं तर त्यालाही म्हणता आलं असतं.

ती लगेच आली नाही. दोन महिने लावले. आली तेव्हा तिनं सांगून ठेवलं की पुढच्या वेळी ती जळगावला जाणार नाही, पोलिसात जाईल. मी हो म्हणालो. ती वेळ आलेली नाही.

खटला धुळ्याला चालला. शूटिंग त्यांचंच होतं, ते कोर्टात दाखवलं गेलं. अंगावर शेण असलेला मी, आणि तो प्रश्न, आणि माझं उत्तर, सगळ्यांनी ऐकलं. मी खाली बघत होतो. अक्का काठी टेकत साक्षीला आल्या. मोठ्याचे वकील त्यांना म्हणाले, आई असून मुलाविरुद्ध बोलताय. त्या म्हणाल्या, मी त्याच्याविरुद्ध काही बोलत नाही, मी काय पाहिलं ते सांगते. आणि सांगितलं, थोडंही न गाळता. दांडा स्वतःच्या पाठीवर आला होता तेही, आणि खुब्याचं हाड कसं मोडलं तेही. मोठा त्या वेळी भिंतीकडे बघत होता.

तिघांना शिक्षा झाली. त्यांनी अपील केलं, ते अजून चालू आहे आणि ते बाहेर आहेत.

मी वर्षभरानं पुन्हा कामाला लागलो. डाव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत, आतलं काही कळत नाही, म्हणून मी उजवा हात आत घालायला आणि डाव्यानं गन धरायला शिकलो. सुरुवातीला पाच गायींत एखादी गाभण राहायची. आता बरं जमतं. कांडी काढायच्या आधी मी गोठ्यातल्या सगळ्यांना, बायकांनाही, जवळ बोलावून सांगतो की वासरू कुठल्या रंगाचं होईल याची खात्री नाही, काळ्याला लाल होऊ शकतं. काही ऐकतात, काही म्हणतात लवकर कर, गाय माजावरून जाईल. सांगितल्याशिवाय मी मोजा चढवत नाही.

नरडाण्याच्या स्टँडवर मोठा कधी कधी दिसतो. चहाच्या टपरीपुढची वाट अरुंद आहे, दोघांना एकमेकांच्या खांद्याजवळूनच जावं लागतं. तो काही बोलत नाही. बाजूलाही होत नाही. मीही होत नाही.